शामकलाचा हात

पारबताच्या मांडीवरचा निळा डाग पहिल्यांदा दिसला तो शामकलाला नव्हे, शकुंतलाबाईला, आणि तिथंच सगळं फिसकटलं. शामकलाला आधी दिसला असता तर तिनं हळद-तेल लावलं असतं आणि गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण शकुंतलाबाईच्या नजरेला पडलेली गोष्ट कोणाच्या घरात राहिली, असं त्या गावात कधी झालं नव्हतं.

आषाढ होता. दुधरामच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणा चालला होता. बाया ओळीनं वाकून चिखलात धानाची रोपं खोवत मागं मागं सरकत होत्या. कमरेपर्यंत ओल्या, पाठीवर पळसाच्या पानांचा मोरा, आणि तोंडं मात्र अखंड चालू. त्याची सात वर्षांची लेक पारबता धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, बसली होती. गेल्या साली हीच टुरी या धुऱ्यावरून रोपांच्या पेंढ्या फेकत नाचली होती. यंदा बसली ती उठेचना. शकुंतलाबाई पाणी प्यायला वर आली, पोरीला उठवायला म्हणून तिनं हात धरला, तर परकर वर सरकला.

“हे काय वो झालं तुले?”

“काही नाही.”

“पडली का?”

“नाही.”

“मंग कोनं मारलं?”

पारबतानं मान हलवली. कोणीच मारलं नाही, असंच तिला म्हणायचं होतं. पण शकुंतलाबाईचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, पोरीची मान कुठंही हलली असती तरी चाललं असतं. ती खाली उतरली आणि तिनं शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. ओळीच्या दुसऱ्या टोकाला शामकला वाकून रोवत होती. तिच्यापर्यंत ती गोष्ट पोचली तेव्हा बायांचं गाणं थांबलं होतं आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणूसभर जागा रिकामी झाली होती.

कारण सरळ होतं. शामकला दुधरामची दुसरी बायको. पहिली, नंदा, दुसऱ्या खेपेच्या बाळंतपणात बाळासकट गेली, तेव्हा पारबता अजून धड बोलतही नव्हती. शामकला तरुणपणीच विधवा झालेली, पोटी काही नाही. दुधरामनं तिच्याशी पाट लावला. पाटाच्या दिवशी नंदाची आई सावित्रीबाई आमगावाकडून खासरीत, छोट्या बैलगाडीत, बसून आली आणि रिवाजाप्रमाणे तिनं नंदाच्या नावाची चांदीची पुतळी आपल्या हातानं शामकलाच्या गळ्यात बांधली. “आजपासून तू माही नंदा,” म्हणाली. रिवाज म्हणून सगळेच असं म्हणतात. पण शामकलाला आई नव्हती, सावित्रीबाईला दुसरी लेक नव्हती, आणि दोघींनी ते मनाला लावून घेतलं. सणावाराला शामकला आमगावाकडे माहेरी म्हणून जायची. पारबता तर पहिल्याच पावसाळ्यात तिला चिकटली. आधी ‘नवी माय’ म्हणायची, मग त्यातलं ‘नवी’ आपोआप गळालं.

त्या दिवशी जेवताना दुधराम खाली मान घालून भात कालवत होता. कालवून कालवून त्याचा लगदा झाला, तेव्हा त्यानं विचारलं.

“तू मारते का वो टुरीले?”

“कोन म्हनते?”

“गाव म्हनते.”

“गाव म्हनते ते राहू द्या. तुमी काय म्हनता?”

दुधराम माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाचा त्रास वाईटापेक्षा कमी असतो असं मला तरी कधी वाटलं नाही. त्यानं उठून हात धुतले आणि तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

पोरीला अधूनमधून ताप येत होता. पण झाडीतल्या पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही? सरकारी माणूस हिवतापाच्या कडू गोळ्या देऊन जायचा, त्या तिला दिल्या होत्या. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. रंग उडाला होता, ओठ पेजेसारखे पांढरे पडले होते. शामकलाला वाटे, पोटात अन्न ठरलं म्हणजे रंग येईल. मग एका सकाळी तिनं पारबताला आंघोळीला बसवलं आणि तिला स्वतःच्या हाताची भीती वाटली. आदल्या दिवशी पोरीला दंडाला धरून तिनं खासरीवर चढवलं होतं. हळूच धरलं होतं. आता दंडावर चार निळी बोटं उमटली होती आणि आतल्या बाजूला अंगठा. शामकलानं आपला हात त्यावर ठेवून पाहिला. बरोबर बसला.

“दुखते का वो?”

“नाही.”

“म्या कवा मारलं का तुले? खरं सांग.”

“नाही वो माय,” पारबता म्हणाली, “पानी टाक ना, थंडी वाजून राहिली.”

शामकलानं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पण उघडा दंड झाकायचा तरी किती? दुधरामनं पाहिलाच. त्यानं बायकोला विचारलं नाही, तो सरळ भैयाजीकडे गेला.

भैयाजी गावचा पुजारी. साप-विंचू उतरवायचा, जनावर हरवलं तर दिशा सांगायचा. तो आला, सपरीत, पुढच्या ओसरीत, बसला, सुपात तांदूळ घेऊन दाणे जोडीजोडीनं मोजत राहिला. मग शामकलाच्या गळ्यातल्या पुतळीकडे बोट दाखवून म्हणाला, “कोनी मारून नाही राहिलं. पहिली आहे ते.”

“नंदा?” दुधरामनं विचारलं.

“तिची टुरी, तिचा घर. दुसरीचा हात पोरीच्या अंगाले लागला का तिले सोसत नाही. जथी हिचा हात लागते, तथी तिचा डाग उठते.”

शामकलाला रडू आलं ते सुटकेचं. आपण मारलं नाही, हे निदान कोणीतरी म्हणालं होतं. तिनं पदर पसरून विचारलं, “मंग काय करू भैयाजी?”

“हात नोको लावू. पोळ्यापर्यंत. न्हाऊ घालाचं, जेवू घालाचं, सारं त्यानं कराचं. तू शिवाचंच नाही.”

मार खायला, टोमणे ऐकायला, उपास करायला सांगितलं असतं तर शामकलानं ते हसत केलं असतं. पण जे सांगितलं तेही तिनं मनापासून पाळलं, आणि तिच्या मनापासून पाळण्यानंच पुढचा घात केला.

दुधराम पोरीला न्हाऊ घालायचा तेव्हा शामकला न्हाणीच्या पलीकडे उभी राहून सांगायची, कानामागं धुवा, मान धुवा. दुधराम वेणी घालायचा ती घराबाहेर पडेपर्यंत सुटायची. ताट सरकवायचं ते शामकला उलथन्यानं सरकवायची. पोरीला हे आधी खेळासारखं वाटलं. मग वाटेना.

“माय, केसं विंचरून दे ना.”

“बाबा देईन.”

“बाबा वढते. तू दे.”

“नाही म्हटलं ना!”

असं जोरात बोलल्यावर पारबता जायची आणि भिंतीला टेकून बसायची. शामकला आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून चुलीपुढं बसायची. तिला वाटायचं, हे पोरीसाठी आहे. मोठी झाली की सांगू, हसू.

आणि वाईट म्हणजे, गुण आला. दंडावरची बोटं आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग गेली. मांडीवरचा डागही विरला. ताप थांबला. दुधराम भैयाजीला कोंबडा देऊन आला. रोवण्यावर शकुंतलाबाईनं शामकलाच्या शेजारी उभं राहून रोपं खोवली, आणि म्हणाली, “पाहिलं ना वो? तुह्या हातातच होतं.” त्यात माया होती की विष, कोणास ठाऊक. बहुतेक दोन्ही असावं.

मग एका दुपारी पारबता सपरीत झोपली होती. पावसाची झड आत येत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. शामकलानं गोधडी ओढून तिच्या अंगावर घातली. कपाळावर केस आले होते, ते बोटानं मागं सारले. एवढंच. पोर झोपेत हसल्यासारखी झाली, म्हणून शामकलानं हात तिथंच थोडा वेळ राहू दिला.

दुसऱ्या सकाळी पारबता कडुनिंबाच्या काडीनं दात घासत होती, तर तोंडातून रक्त आलं. थांबेचना. दुपारी नाकातून आलं. पायांवर लाल लाल ठिपके उठले, राईचे दाणे उधळावेत तसे.

दुधराम शामकलाच्या अंगावर धावून आला. “शिवली का तू?”

तिची नजर पोरीच्या पायांवरच्या ठिपक्यांवर होती.

“शिवली का नाही, बोल!”

“शिवली,” शामकला म्हणाली. तिनं लपवलं नाही. तिला स्वतःलाच ते पटलं होतं. आपल्या बोटानं पोरीचं कपाळ शिवलं आणि आतून सगळं फुटलं, असं तिला खरोखर वाटत होतं. ती अंगणात चिखलात बसून आपले हात जमिनीवर आपटत राहिली. दुधरामनं तिला थांबवलं नाही.

निरोप गेला आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सावित्रीबाई आली. म्हातारी उतरली ती पोरीकडे न जाता आधी शामकलाकडे गेली. गाव जमलं होतंच.

“म्या तुले लेक म्हटलं,” सावित्रीबाई म्हणाली. “माह्या लेकीची पुतळी तुह्या गळ्यात बांधली म्या.”

“माय, ऐकून तं घ्या—”

“माय नोको म्हनू मले!” म्हातारीनं हात घातला आणि शामकलाच्या गळ्यातली पुतळी दोऱ्यासकट तोडली. दोरा मानेत रुतून लाल वळ उठला. शामकला हलली नाही.

आजीबरोबर धाडायला दुधरामनं पोरीला उचलून खासरीत गवतावर ठेवलं. पारबता रडायला लागली. “माय, तू चाल! माय!” दोन्ही हात पुढं केलेले. सगळं गाव बघत होतं, शामकला तिचे हात धरते की नाही ते. शामकला दोन पावलं मागं सरली. खासर गावाबाहेर पडून रडणं ऐकू येईनासं होईपर्यंत ती तशीच उभी होती.

“कशी दगडाची बाई आहे,” शकुंतलाबाई म्हणाली.

त्यानंतरचे दिवस निंदणाचे होते. शामकला बांधीत एकटीच एका कडेला बसून तण उपटायची. कोणी बोलायचं नाही, तीही बोलायची नाही. घरी दुधराम आणि ती एका चुलीवरचं खायची, एवढाच संबंध उरला होता. पण मनात एक आधार होता: पोर आता आपल्या हातापासून लांब आहे. आजीजवळ आहे. तिकडे बरी होईल. शामकला रोज देवाला सांगायची, मला ती नको, पण ती राहू दे.

नवरात्रात सावित्रीबाई पुन्हा आली. या वेळी पायी आली, आणि येऊन सपरीत मटकन बसली. शामकलानं पाण्याचा लोटा लांब ठेवला. म्हातारीनं तो घेतला नाही. ती आपल्याच हातांकडे बघत होती.

“टुरीचे पाय दुखत होते,” ती म्हणाली. “हाडं दुखते म्हने. म्या तेल लावून चोळून देल्लं. नातीले आजी चोळून नाही देत का? सकाळी पाहतो तं पाठ सारी काळी-निळी.”

शामकलाची नजरही म्हातारीच्या हातांवर गेली.

“माह्याच हातानं वो. माहा हात तं तिच्या सख्ख्या आजीचा.” सावित्रीबाईच्या तोंडून माफीचा शब्द आला नाही. तो यायला जागाच नव्हती, म्हातारी आतून पार ढासळली होती. “गोंदियाच्या डाक्टरले दाखवलं. त्यानं नागपूरले न्या म्हटलं. जवाईले बोलाव. अन् तू बी चाल. तुहंच नाव घेऊन राहिली ते.”

आमगावहून चौघं आगगाडीत बसले. पारबता दुधरामच्या मांडीवर होती. इतकी हलकी झाली होती की शेजारच्या बाईनं विचारलं, तीन-चार वर्षांची का? पोट तेवढं फुगलेलं, मानेत गाठी. तिनं शामकलाला पाहिलं आणि ओळखीचं हसली, पण हात पुढं केले नाहीत.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्यानं पोरीच्या बोटाचं रक्त घेतलं, मग हाडात सुई घातली. पारबता किंचाळली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिघांना बाहेर बाकावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

“हिचं रक्तच बिघडलंय,” तो म्हणाला. “हाडाच्या आत रक्त तयार होतं, तिथंच रोग आहे. कॅन्सर म्हणतात त्याला, रक्ताचा.”

“कायनं झालं साहेब?” दुधरामनं विचारलं.

“कशानंच नाही. म्हणजे, आम्हालाही माहीत नाही. तुमच्या गावात अशी आणखी मुलं गेलीत का? ताप, फिकटपणा, अंगावर डाग, नाकातून रक्त?”

दुधरामनं सावित्रीबाईकडे पाहिलं. “पोट्टे तं मरतेतच साहेब. कोनी तापानं मरते, कोनी पोटानं. कोनी पाहून राहिलं?”

“तेच,” डॉक्टर म्हणाला. “पुस्तकात लिहिलंय की हा रोग आपल्याकडे कमी आहे. कमी कसला? गावात तापानं गेलं म्हणतात आणि पुरून टाकतात. इथवर आलीच तर अशी येतात, शेवटाला.”

“औषध?”

“रक्त चढवतो आज. चार दिवस तोंडावर रंग दिसेल. त्यावर बरी झाली असं समजू नका. या रोगावर अजून औषध निघालेलं नाही, याच्यापुढं माझ्या हातात काही नाही. घरी न्या.”

तो जायला वळला, तेव्हा शामकला पहिल्यांदा बोलली.

“साहेब, हात लावला तं चालते का?”

“कोणाचा हात?”

“माहा.”

त्याला काही कळेना. “तुम्ही आई ना तिची?”

शामकलानं आपले हात पदराखाली घेतले.

“लावा की,” डॉक्टर म्हणाला. “जवळ घ्या तिला. दाबू नका, हळू धरा. तिचं रक्त पातळ झालंय, फूल ठेवलं तरी डाग पडेल. हातानं तिला काही होत नाही. आधीही झालं नव्हतं.”

‘आधीही झालं नव्हतं,’ हे शामकलाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा ती हसली, आणि हसू थांबवता येईना म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला. सगळा श्रावण. पोर वेणी मागत होती, मांडी मागत होती, खासरीतून हात पसरत होती, आणि आपण उलथन्यानं ताट सरकवत होतो. सावित्रीबाईनं तिचा खांदा धरला. शामकलानं तो झटकला.

परतीच्या गाडीत पारबताच्या गालांवर खरंच रंग आला होता. दुधराम डुलक्या घेत होता. शामकलानं मांडी पसरली, हात पुढं केले. “ये वो, माह्याजवळ ये.”

पारबता खिडकीशी आणखी सरकली. “नोको माय.”

“काऊन?”

“तू हात लावशीन तं बाबा तुले बोलन. आजी मारन तुले.”

“नाही बोलत आता कोनी. डाक्टरनं सांगतलं ना, हातानं काही होत नाही.”

पोरीनं थोडा विचार केला. “डाक्टर काही आपल्या गावचा नाही,” ती म्हणाली, आणि तिनं पाय पोटाशी घेतले.

ती गावाला बरोबर ओळखून होती. गावात पाऊल टाकताच भैयाजीनं सांगितलं, नागपूरच्या डाक्टरला नंदा कुठं ठाऊक आहे? शकुंतलाबाई म्हणाली, हाडात सुई घातली तिथंच पोरीचा निम्मा जीव गेला म्हणा. दुधराम दोघांचं ऐकून मान हलवत राहिला. सावित्रीबाई मात्र आपल्या गावी परत गेली नाही. ती दाराशी बसून असायची आणि कोणाला आत येऊ द्यायची नाही. तेवढं तिनं केलं.

घरात दोघीच. शामकला रोज बाजेजवळ बसायची, रोज हात पुढं करायची, आणि पारबता रोज नको म्हणायची. रुसून नाही, समजावून सांगितल्यासारखी. “मंग डाग उठते, मंग तुले बोलतेत.” शेवटी शेवटी तिला अंधुक दिसायला लागलं, तेव्हा तिनं शामकलाच्या पदराचं टोक मुठीत धरायला सुरुवात केली. पदर चालत होता. हात नाही. शामकला तासन्‌तास तशी बसायची, पदर ताणून, कंबर धरली तरी हलायची नाही. जबरीनं उचलून घ्यावं, असं तिच्या किती वेळा मनात आलं. पण पोर घाबरली असती, आणि तिचे उरलेले दिवस आणखी भीतीत घालवायचे नाहीत एवढंच आता शामकलाला करता येण्यासारखं होतं.

लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. एका सकाळी दुधराम विळा घेऊन निघाला, तो दारातूनच परत आला, कारण सावित्रीबाईनं हंबरडा फोडला होता. पदर अजून पारबताच्या मुठीतच होता. शामकलानं तो सोडवला नाही, लुगड्याचं तेवढं टोक विळ्यानं कापून घेतलं.

न्हाऊ घालायला बाया जमल्या, पण पुढं कोणी होईना. हातापायांवरचे डाग पाहून त्या भिंतीकडेला सरकल्या. शामकलानं परकर काढला, पोरीला पाटावर मांडीला टेकवून बसवलं, हळद कालवली. आणि ती चोळू लागली. दंड, पाठ, पोटऱ्या. हळू नाही, दोन्ही हातांनी, जोर लावून, आईनं लेकराला चोळावं तसं. मग ती थांबली. दंडाला चार बोटांनी घट्ट धरलं, बोटं उचलली आणि वाट पाहिली. मग पाठीवर पंजा दाबून पाहिला. मग पुन्हा दंडावर.

“बस कर वो,” सावित्रीबाई म्हणाली. “किती चोळशीन?”

“माय, पाह्य ना,” शामकला म्हणाली. तिचा आवाज चढत गेला. “सगळ्या जनी पाह्या. म्या हात लावला. हे पाह्या, धरला. कथी उठला नवा डाग? सांगा ना, कथी उठला?”

शकुंतलाबाईच्या हातात पाण्याची गुंडी होती. ती तिनं खाली ठेवली. बाहेर माणसांनी खड्डा तयार झाल्याची हाक दिली, आणि बाया एकेक करून दाराबाहेर बघू लागल्या.